मावलाया कोरड्या राहिल्या

आमच्या घरात पूर मोजायला सात दगड होते. पवनेच्या काठाला, आमच्या वावराच्या शेवटच्या बांधाखाली, शेंदूर लावलेले सात गोटे ओळीनं मांडलेले. बाकीचे लोक त्यांना साती आसरा म्हणतात, आमच्याकडं मावलाया म्हणतात. पाण्यातल्या देवी. पावसाळ्यात आजोबा सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी त्यांना बघून यायचे. घरात नियम एकच होता. पाणी मावलायांच्या पायाला लागलं की गोठ्यातली जनावरं सोडायची आणि वर रस्त्याकडं हाकायची. कुणाला विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. गोठा दगडांपेक्षा कमरेएवढा उंचावर होता. तेवढं पाणी चढेपर्यंत जो वेळ मिळायचा, त्यात जनावरं, धान्याची पोती आणि आम्ही पोरं वर पोचायचो.

हा नियम मी मोडला. मोडला तेव्हा मला शाबासकी मिळाली होती, म्हणून हे लिहून ठेवते.

मी आमच्या भावकीतली पहिली ग्रॅज्युएट. हे मी लाजत सांगत नाही. आमच्यात दहावीनंतर मुलीला स्थळ बघायचं, एवढंच माहीत होतं. मी ताथवड्याच्या कॉलेजात सिव्हिलला गेले, दोन बस बदलून. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला मुलं दुर्बिणीला डोळा लावून उभी राहायची आणि मला समोर पट्टी धरून उन्हात उभं करायची. दुसऱ्या वर्षी एकदा मी दुर्बिणीपाशी जाऊन उभी राहिले ती तास संपेपर्यंत हललेच नाही. पुढं लेव्हल घेण्यात, म्हणजे जागेचे उंच-सखलपण मोजण्यात, माझा हात धरणारं वर्गात कुणी उरलं नाही.

मी तिसऱ्या वर्षाला असताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि तात्यांनी, म्हणजे धाकट्या चुलत्यांनी, खालचं वावर भरून घ्यायचं ठरवलं. पिंपळे गुरवात तोवर वावर म्हणायला आमचंच उरलं होतं. पाडलेल्या बांधकामांचा राडारोडा कुठं टाकायचा म्हणून डंपरवाले जागा शोधतच असतात. महिनाभर डंपर येत राहिले. विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, कुणाच्या तरी बाथरूमच्या निळ्या टाइल्स, आणि वर मुरूम. सहा फूट भराव झाला. त्यावर खोल्या काढायच्या आणि कंपनीतल्या माणसांना भाड्यानं द्यायच्या. आजूबाजूला सगळ्यांनी हेच केलं होतं.

अडचण मावलायांची होती. त्या भरावाखाली जाणार होत्या.

“देवाला गाडायचं न्हाई,” आप्पा म्हणाले.

मग त्यांना वर रस्त्याच्या कोपऱ्यावर आणायचं, चौथरा बांधायचा, असं ठरलं. प्लॅन कुणी करायचा हे विचारायची गरजच पडली नाही. घरात इंजिनियर होती. मी सरांच्या मागं लागून कॉलेजचं लेव्हलचं यंत्र दोन दिवस घरी आणलं. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे आणि आप्पा त्यांना न विचारताच सांगायचे, “आमचीच हाय.” मी चौथऱ्याची उंची काढली. तीन पायऱ्या, काळा ग्रॅनाइट, स्टीलचं रेलिंग, वर पत्रा. स्थापनेच्या दिवशी हिरव्या बांगड्या वाहिल्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, भावकीच्या पंगती उठल्या. त्या पंगतीत उभी राहून मी म्हणाले होते, “आता पाणी कधीच मावलायांच्या पायाला लागणार नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चौथऱ्याला संगमरवरी पाटी बसवली. तिच्यावर माझं नाव आणि पुढं बी. ई. सिव्हिल. मला अजून एक वर्ष बाकी होतं, एक विषयही राहिला होता. आप्पांना तसं म्हटलं तर म्हणाले, “होशीलच की. पाटी काय दरसाल बदलायची व्हय?”

चौथऱ्याची उंची मी चुकवली नव्हती. पाणी तिथवर येणं खरंच कठीण होतं.

भरावावर पाच-पाच खोल्यांच्या दोन ओळी उठल्या, एक रस्त्याकडं आणि एक खाली नदीकडं. आमचं घर रस्त्याच्या पलीकडं, चढावर. खोल्या भरायला आठवडाही लागला नाही. आप्पा प्रत्येक नव्या भाडेकरूला चौथऱ्यापाशी नेऊन उभं करायचे आणि नियम सांगायचे, मावलायांच्या पायाला पाणी लागलं की सामान उचलायचं. नियम आजोबांचा, दगडही तेच. रोज सकाळी आप्पा चौथऱ्यावर जाऊन यायचे आणि दारात चपला काढता काढता सांगायचे, “कोरड्या हायेत.” मी समोर चहा पीत बसलेली असायचे. असे तीन पावसाळे गेले.

तोवर मला पिंपरीत एका सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी लागली होती. काम पूररेषांच्या नकाशांचं. नदीच्या दोन्ही काठांना दोन रेषा असतात, निळी आणि लाल. निळ्या रेषेच्या आत बांधायचं नाही, ती जागा पाण्याची. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधायचं तर अटी पाळून. लोक ऑफिसात येऊन बसायचे. “मॅडम, रेषा जरा खाली सरकती का बघा ना.” मी तोंडावर नाही म्हणायचे आणि तसं म्हणताना मला बरं वाटायचं. भराव घातला म्हणून पाणी कमी होत नाही, ते समोरच्या काठावर चढतं, हे मी दुसऱ्यांच्या रिपोर्टांत कितीदा टाइप केलं असेल. आमच्या समोरच्या काठाला पत्र्याची घरं आहेत.

एका दुपारी आमच्याच काठाचा नकाशा माझ्या टेबलावर आला. निळी रेषा आमच्या दोन ओळींच्या मधून गेली होती. खालची ओळ अख्खी आत. मी तिच्या जोत्याची उंची नकाशात भरली, फाइल सेव्ह केली आणि चहाला उठले. घरी काही बोलले नाही. खोल्यांवर घर चालत होतं, आणि दारातून आत-बाहेर करताना रोज ती पाटी दिसत होती. उद्या सांगू, असं करत दिवाळी गेली, उन्हाळा गेला.

मग तो दिवस आला. चार दिवस पाऊस उघडला नव्हता. सकाळी कर्णा लावलेली गाडी गल्लीतून फिरून गेली. धरणातून पाणी सोडलंय, आणखी वाढवणार, नदीकाठच्यांनी सुरक्षित जागी जावं. दरवर्षी गाडी फिरते, म्हणून कुणी दार उघडून बघत नाही. मी ऑफिसला निघायच्या गडबडीत डबा भरत होते. आप्पा छत्री झटकत दारात आले.

“कोरड्या हायेत. अजून पुरुषभर खाली हाय पानी.”

माझा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला. चौथऱ्याची उंची मला पाठ होती. खालच्या ओळीच्या जोत्याची उंचीही पाठ होती, मीच ती नकाशात भरली होती. हे दोन आकडे मी कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते. आत्ता बघितले. मावलायांपासून पुरुषभर खाली म्हणजे खालच्या ओळीचा उंबरा.

“आप्पा, खालच्या खोल्या रिकाम्या करा. आत्ता.”

“का गं? सांगितलं ना, कोरड्या हायेत.”

“त्या कोरड्याच राहणार. आपण त्यांना वर नेऊन ठेवलंय.”

त्यांना कळलं नाही. मला नीट सांगताही येईना. मी तशीच खाली पळाले. खालच्या ओळीच्या मागून नदी दिसत होती, गढूळ, फुगलेली, पण काठाच्या आत. लांबून बघणाऱ्याला काहीच झालेलं नव्हतं. मी एक नंबरचं दार वाजवलं. बनियनवर एकजण बाहेर आला.

“सामान घ्या आणि वर चला. पाणी येतंय.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, नदीकडं बघितलं, मग वर रस्त्यावर उभ्या असलेल्या आप्पांकडं. “मालक, निघायचंय का?”

आप्पांच्या शेजारी तात्या चहाचा कागदी कप घेऊन उभे होते. तेच बोलले. “न्हाई रे. आमची इंजिनियर ऑफिसात निळ्या रेघा मारून मारून आता हिला सगळीकडं पानीच दिसतंय. मावलाया कोरड्या हायेत. झोप जा.”

तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. दोन नंबरला तेच झालं. मी शिकलेली असेन, पण खोली सोडायची तर मालकाच्या शब्दानं. मालकाचा शब्द मावलायांच्या पायाशी अडकला होता, आणि ते पाय कुठं ठेवायचे हे मी ठरवलं होतं.

आप्पांना कागद दाखवून उपयोग नव्हता. कागदावर ते सही करतात, तो वाचत नाहीत. पण या दोन्ही ओळींचं एकेक जोतं त्यांनी गवंड्याच्या बरोबरीनं उभं राहून, पाण्याच्या नळीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट आणलं होतं. पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक इकडं, एक टोक तिकडं, आणि दोन्हीकडं पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं. ते खोटं बोलत नाही, असं तेच गवंड्याला सांगायचे. नळी अजून शेडमधे खिळ्याला टांगलेली होती. मी ती काढली, बादलीतून पाणी भरलं, आतली हवा घालवली आणि एक टोक त्यांच्या हातात दिलं.

“मावलायांच्या पायाशी धरा.”

“आता ह्ये कशाला?”

“धरा तर. नंतर वाटेल ते बोला.”

नळी पन्नास फुटांची, त्यामुळं दोन टप्पे करावे लागले. आधी चौथऱ्यापासून वरच्या ओळीच्या भिंतीपर्यंत. तिथं विटकरीच्या तुकड्यानं रेघ ओढली. मग त्या रेघेपाशी आप्पा आणि खालच्या ओळीच्या भिंतीपाशी मी. नळीच्या तोंडावरचा अंगठा काढला. आतलं पाणी वर-खाली हेलकावत राहिलं. पावसात ते नीट दिसेना, मी पदरासारखी ओढणी वर धरली. ते थांबायला किती वेळ लागला असेल? मिनिटभरही नसेल. माझ्या पायाशी ड्रेनेजचं चेंबर होतं आणि त्याच्या झाकणाखाली गुळगुळ आवाज येत होता.

पाणी थांबलं ते माझ्या हनुवटीपाशी.

मी रेघ ओढली. आप्पा नळी गुंडाळत खाली आले. रेघेसमोर उभे राहिले.

“मावलायांचे पाय हितं?”

“हो.”

“म्हंजी त्येंला पानी लागंल तवा हितं...” त्यांनी हात आपल्या गळ्याशी नेला आणि तिथंच ठेवला.

“हो.”

“मग चौथरा बांधला तवा का न्हाई बोललीस?”

“मला कळलं नव्हतं.”

“तू इंजिनियर हायस ना?”

“हाय. तरी कळलं नव्हतं.”

वरून तात्यांचा आवाज आला, “झालं का मोजमाप? का माझी बी उंची घेताय?”

तेवढ्यात चेंबरचं झाकण एका बाजूनं उचललं गेलं आणि काळं पाणी दोन ओळींच्या मधल्या वाटेवर पसरायला लागलं. आम्ही नदीकडं बघत होतो. पाणी मागून, गटारातून आलं.

“तात्या,” आप्पा म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. “पहार घेऊन खाली ये.”

एक आणि दोन नंबरची दारं आता एका हाकेत उघडली. तिघंजण पिशव्या डोक्यावर घेऊन वर गेले. तीन, चार आणि पाच नंबरच्या दारांना बाहेरून कुलपं होती. दुसऱ्या गावात बाहेरून कुलूप म्हणजे आत कुणी नाही. आमच्याकडं तसं धरता येत नाही. एका खोलीत दोघं-तिघं राहतात, शिफ्ट वेगवेगळ्या. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो आणि पहिल्या पाळीला जाणारा त्याला कुणी उठवू नये म्हणून बाहेरून कुलूप लावून किल्ली खिडकीच्या फटीतून आत टाकतो. खिडकीला आतून पुठ्ठा लावलेला असतो, उजेड नको म्हणून. झोपणाऱ्याच्या कानात कापूस. हे आम्हाला सगळं माहीत होतं. फक्त आज कोण कुठल्या पाळीला आहे हे माहीत नव्हतं. आप्पांच्या वहीत नावं होती, शिफ्टा नव्हत्या.

मी तिन्ही दारं बडवली. आतून काही नाही. पत्र्यावर पावसाचा असा आवाज होता की मला माझाच आवाज येत नव्हता.

वरच्या ओळीतल्या मावशी साडी खोचून पाण्यातून आल्या. लातूरकडच्या. पहिल्या खोलीत राहायच्या आणि दोन्ही ओळींना डबे द्यायच्या.

“पाचला माणूस हाय बगा,” त्या म्हणाल्या. “दुपारचा डबा सांगून झोपलाय. तीनला कुणी नाई, दोघं बी पहिल्या पाळीला गेलेत, सकाळचे दोन डबे मीच दिले. चारवाला गावाकडं गेलाय. चार दिस झाले डबा बंद हाय.”

“नक्की?” आप्पांनी विचारलं.

“मालक, डब्याचं मला चुकत नसतंय. देवाचं तुमचं चुकलं असंल.”

तात्या पहार घेऊन आले होते, कप कुठं तरी टाकून. पाणी आमच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं आणि पाच नंबरच्या उंबऱ्यावरून आत जात होतं. आप्पांनी पहार कडीत घातली. पहिल्या झटक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला पहार निसटून त्यांच्या बोटांची सालटी निघाली. कडी त्यांनीच निवडून आणली होती, चोरापासून जपायला, जाड. तात्यांनी पहारेवर आपलं वजन टाकलं आणि तिसऱ्या झटक्याला कोयंडा लाकडासकट उपटून आला.

आत अंधार. मोरीतूनही पाणी वर आलं होतं. स्लिपर, एक टोप आणि पाच किलोचा गॅस सिलेंडर खोलीभर फिरत होते. लोखंडी कॉटवर एकजण डोक्यावरून चादर घेऊन झोपला होता. पाणी कॉटच्या पट्ट्यांना लागायला चार बोटं बाकी. आप्पांनी त्याला खांद्याला धरून हलवलं. कानातला कापूस मीच ओढून काढला.

“आं? गाडी आली का कंपनीची?”

“पवना आलीय,” आप्पा म्हणाले. “ऊठ.”

तो उठून बसला, पाय खाली सोडले आणि पाणी लागल्यावर परत वर घेतले. चाकणला तिसरी पाळी करून वर ओव्हरटाइम करून आला होता बिचारा, डोळे उघडत नव्हते. “काय राव,” एवढंच म्हणाला. मग एकदम पाण्यात उतरून भिंती चाचपायला लागला. आम्हाला वाटलं घाबरला.

“आयकार्ड. आयकार्डाशिवाय गेटवर घेत नाहीत, मॅडम.”

आयकार्ड खिळ्याला लटकत होतं. मी ते त्याच्या गळ्यात घातलं आणि त्याला दारातून बाहेर ढकललं. मावशींनी त्याचा हात धरला आणि त्याला वर नेलं, एवढा मोठा गडी, शाळेत नेतात तसा.

पाणी गुडघ्याला आलं. मी आप्पांना म्हणाले, चला आता. ते तीन नंबरपाशी जाऊन उभे राहिले.

“तिथं कुणी नाई म्हणून सांगितलं की,” मावशी वरून ओरडल्या.

“तुजं खरं हाय. पर मी एकदा कोरडं म्हनून बसलोय,” आप्पा म्हणाले, आणि पहार कडीत घातली.

तीन रिकामी होती. चारमधे एक बादली तरंगत होती आणि भिंतीला कॅलेंडर. दोन्ही खोल्या आत जाऊन, कॉटखाली हात घालून बघितल्यावरच आप्पा वर आले. तेव्हा माझ्या कमरेला पाणी होतं.

दुपारपर्यंत खालच्या ओळीच्या खिडक्यांना पाणी लागलं. वरच्या ओळीतही गुडघाभर पाणी आलं. आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो. पाच नंबरवाला माझ्या भावाची पँट घालून चहा पीत होता आणि मावशींना विचारत होता, दुपारचा डबा मिळेल का. मावशी म्हणाल्या, “मिळंल. पोहत जाऊन घेऊन ये.” सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. ते चौथऱ्याकडं बघत होते. पाणी मावलायांच्या खाली हातभर अंतरावर येऊन थांबलं. संध्याकाळी उतरायला लागलं. त्यांच्या पायाला थेंबही लागला नाही.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. भावकीतले, शेजारचे लोक नारळ घेऊन चौथऱ्यावर आले. खाली आम्ही फावड्यानं गाळ ओढत होतो आणि वर तात्या सांगत होते, “एवढा पूर आला, पर मावलाया कोरड्या. पोरीनं काम केलंय पक्कं.” शेजारच्या एका काकांनी मला हाक मारली. त्यांच्या म्हसोबालाही असाच उंच चौथरा करायचा होता. पावसाळा संपला की प्लॅन काढून देशील का, म्हणाले.

मी फावडं टेकवून ठेवलं आणि वर गेले. हात चिखलाचे होते. लोक वाट करून देत होते, कौतुकानं.

“काका, नाही देणार,” मी म्हणाले. “ह्या चौथऱ्यापायी पाच नंबरचा माणूस मेला असता. म्हसोबा आहे तिथंच राहू द्या आणि त्याच्याकडं बघत जा.”

तात्यांनी नारळ फोडायचं थांबवलं. “गावापुढं असं बोलत्यात व्हय?”

“टाळ्याही गावापुढंच घेतल्या होत्या.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून नकाशा घरी आणला. आईनं दिवा जवळ ठेवला. मी आप्पांना निळी रेषा बोटानं दाखवली, आमच्या दोन ओळी दाखवल्या. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “ह्ये तुला कवा कळलं?”

या प्रश्नाला मी त्या सकाळपासून भीत होते. चौथऱ्याचं मला कळलं नव्हतं, ते खरं होतं. हे कळलं होतं.

“मागच्या दिवाळीच्या आधी.”

ते उठून बाहेर गेले. दहा-बारा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना आईमार्फत मीठ मागायचे. मी सफाई दिली नाही. देण्यासारखी नव्हती.

एका रविवारी सकाळी ठोकाठोकीनं जाग आली. आप्पा आणि पाच नंबरवाला खालच्या ओळीवर चढून पत्रे सोडवत होते. तात्या खाली उभे राहून म्हणत होते की रंग मारून परत भाड्यानं देता येतील, नदीला काय दरसाल पूर येतो का. आप्पा वरून म्हणाले, “पाचची किल्ली देतो तुला. ये झोपायला, कापूस घालून.” तात्या चहाला गेले.

भिंती पाडल्या. मग जेसीबी बोलावून त्या जागेचा भराव काढायला घेतला. जेवढा खर्च भरायला आला, त्याहून जास्त काढायला आला, कारण आता राडारोडा घ्यायला कुणी तयार नव्हतं. मावलायांची जुनी जागा मी जुन्या लेव्हल लावून काढून देते म्हणाले. तशी वेळ आली नाही. सहा फुटांखाली काळी माती लागली आणि तिच्यात हिरव्या काचेचे तुकडे चमकले. कित्येक वर्षांच्या बांगड्या. आप्पा खाली उतरले, हातानंच माती सारली आणि म्हणाले, “हितं.” दसऱ्याआधी सात दगड परत तिथं ठेवले. ग्रॅनाइट नाही, रेलिंग नाही, पत्रा नाही.

वरची ओळ अजून आहे. ती निळ्या आणि लाल रेषेच्या मधे येते. तिथली जोती वाढवली, बाहेरून कुलूप लावणं बंद केलं, प्रत्येक दारावर बाहेरून एका पाटीवर शिफ्ट लिहायची पद्धत घातली. लोक लिहितात, पुसायचं विसरतात. समोरच्या काठाला आमच्या भरावामुळं किती पाणी चढलं असेल, हे मी अजून जाऊन विचारलेलं नाही.

रिकामा चौथरा तसाच उभा आहे. मी आप्पांना म्हणाले, निदान माझ्या नावाची पाटी काढा.

“राहू दे,” ते म्हणाले. “काम तूच केलंयस. पावसाळ्यात भाडेकरूंच्या गाड्या लावायला उंचीला चांगला हाय.”

गेल्या पावसाळ्यात मी ऑफिसात असताना सकाळी त्यांचा फोन आला. पाठीमागं पाऊस ऐकू येत होता.

“पायाला लागलं.”

“वरच्या ओळीत कोण झोपलंय?”

“दोन आन चार. डबेवाली दारं वाजवतीय. दोन उठलाय.”

“आणि चार?”

आप्पांनी फोन लांब धरला असावा. थोडा वेळ नुसता पाऊस, मग मावशींचा आवाज, मग कुणाचा तरी चिडलेला, झोपेतला.

“उठला,” आप्पा म्हणाले. “शिव्या देतोय.”

“देऊ द्या,” मी म्हणाले. “तो रस्त्यावर येईपर्यंत फोन ठेवू नका.”